पगार वाढवू नगासा

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात डोशाच्या पिठात होते. पडद्यावर मामांचं नाव दिसलं. कोपराने कसाबसा फोन उचलला आणि पलीकडचं काही ऐकायच्या आत, सवयीप्रमाणे, माझी बडबड सुरू झाली, "मामा, आज रविवार हाय, आज तरी घरात बसा की..." पलीकडून मामांचा आवाज आला नाही. मामी होत्या. अगदी शांतपणे त्या म्हणाल्या, "ताई, ह्ये उठंनात." मला वाटलं, कामाला जायला उठत नाहीत, असं काहीतरी. रविवारी कोण कामाला जातं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मामी पुन्हा म्हणाल्या, "हाक मारली, हालवलं. ह्ये उठंनातच." मग मात्र मी पीठ तसंच टाकून गाडी काढली. राजारामपुरीतून उचगावात पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घातलं होतं. मी रिक्षाच्या मागे मागे दवाखान्यात गेले. तिथल्या काउंटरवर मी माझ्या पर्समधून विम्याचं चकचकीत कार्ड काढलं, कारखान्यातल्या प्रत्येकाच्या कार्डाची एक प्रत मी जवळ ठेवते, आणि पुढे सरकवलं. काउंटरमागची मुलगी आत जाऊन आली. तिने कार्ड दोन बोटांनी उचलून परत माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, याची आता गरज नाही."

दिनकर कांबळे हे त्यांचं नाव. पण शिरोलीच्या पट्ट्यात त्यांना सगळे मामाच म्हणत. आमचा छोटा कारखाना आहे, बारा माणसांचा. आम्ही लाकडी पॅटर्न बनवतो. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत त्या वस्तूचा ठसा उमटवावा लागतो, आणि ठसा उमटवायला आधी तीच वस्तू लाकडात हुबेहूब घडवावी लागते. ते घडवण्याचं काम आमचं. आमचं म्हणजे खरं तर मामांचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, कारखाना काढला तेव्हा पहिला माणूस म्हणून मामा आले, आणि आबा चार वर्षांपूर्वी गेले तेव्हाही मामा होतेच. मधल्या काळात यंत्रं आली, संगणकावर चित्रं काढणारी पोरं आली, पण एखादा अडचणीचा पॅटर्न असला की पंप बनवणारे मोठे कारखानदारसुद्धा फोनवर विचारायचे, "मामा स्वतः करणार आहेत ना?" मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा. मालकीण मी, आणि माझी चौकशी कुणी करत नसे.

मामांकडे एक पितळी पट्टी होती. ती साध्या पट्टीसारखी दिसते, पण साधी नाही. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळापासूनच किंचित मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या पट्टीवरचे आकडेच किंचित लांब पाडलेले असतात. मी सातवीत असताना माझी पट्टी हरवली म्हणून मामांची ही पट्टी गुपचूप दप्तरात टाकून भूमितीच्या पेपरला नेली. पेपर हातात आला तो लाल शेऱ्यांनी भरलेला. एकही रेघ मापात नव्हती. मी रडत, चिडत कारखान्यात आले आणि पट्टी त्यांच्या बाकावर आदळली. "तुमची पट्टी खोटी हाय," म्हटलं. मामांनी पट्टी उचलली, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली, आणि म्हणाले, "पट्टी खोटी न्हाय ताई. तुमी चुकीच्या कामाला वापरली." मी तेव्हा त्यांच्यापेक्षा केवढी लहान, पण मालकाची मुलगी म्हणून ते मला 'ताई'च म्हणत, आणि बोलायचं ते मात्र तोंडावर बोलत. त्यांचं ते वाक्य आता दिवसातून दहा वेळा आठवतं.

आठ वर्षांपूर्वी मामा बाकावर काम करता करताच खाली बसले. हातातली लाकूड कोरायची पटाशी त्यांनी आधी नीट बाजूला ठेवली, मग बसले, असं आबा नंतर कित्येकांना सांगायचे. हृदयाचा झटका होता. दोन ठिकाणी नळी फुगवून स्टेंट बसवावे लागले. त्यात मामांच्या घरचं काही गेलं नाही, कारण कामगार विम्याचं कार्ड होतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात ठरावीक मर्यादेच्या आत पगार असला की कामगाराच्या पगारातून थोडी, मालकाकडून थोडी अशी कपात जाते, आणि मग त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं दवाखाना, औषध सगळं त्या कार्डावर होतं. बरे होऊन मामा कामावर आले तेव्हापासून त्यांचा महिन्याचा एक मंगळवार ठरून गेला. त्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल, आणि बगलेत कापडी पिशवी. विम्याच्या दवाखान्यात जायचं, स्वतःच्या हृदयाच्या गोळ्या आणि मामींचं साखरेचं इन्सुलिन, गोळ्या घेऊन यायचं. मामींना कित्येक वर्षांपासून साखर आहे. मी चिडवायचे, "मामा, दवाखान्याला निघालाय का लग्नाला?" तर म्हणायचे, "लायनीत सगळ्या फौंड्र्यांची मंडळी असत्यात ताई. कुठं कोण रिटायर झालं, कुणाच्या पोराचं लगीन ठरलं, सगळी खबर तितंच मिळत्या." दुपारी परत आले की पिशवी कपाटात ठेवायच्या आधी कार्ड काढून प्लास्टिकमध्ये घालत. त्या कार्डावर त्यांचा आणि मामींचा फोटो होता, दोघंही भांडून आल्यासारखे दिसत होते.

गोळ्यांसाठी त्यांनी उरलेल्या सागवानाची एक डबी केली होती. सरकतं झाकण, आत दोन ओळी, प्रत्येक ओळीत सात खाने. वरची ओळ त्यांची, खालची मामींच्या गोळ्यांची. कोपऱ्यांच्या खाचा अशा जुळवल्या होत्या की कुठे जोड आहे ते बोट फिरवून कळायचं नाही. ती डबी कारखान्याच्या वेळात केली म्हणून त्यांनी स्वतःहून आबांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा लावून घेतली होती. आबा आठवडाभर हसत होते.

आता खरं सांगायचं आहे ते सांगते...

आमच्याकडे एक रीत होती. खंडेनवमीला कारखाना धुऊन काढायचा, हत्यारं पुसून फळीवर मांडायची, यंत्रांना झेंडूच्या माळा घालायच्या, आणि पूजा झाली की सगळ्यांसमोर मालकाने वर्षाची पगारवाढ जाहीर करायची. मामा पूजेला बसत नसत, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते विहारात जात, पण हत्यारं पुसायला सगळ्यात आधी तेच. पट्टीला कुंकू मात्र लावू देत नसत. "आकडे बुजत्यात," म्हणायचे. आणि दरवर्षी खंडेनवमीच्या दोनतीन दिवस आधी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे. आबा असताना आबांना, नंतर मला, एकच वाक्य सांगायचे, "पगार वाढवू नगासा." मी म्हणायचे, "मामा, पगार वाढवू नको म्हणणारा माणूस अख्ख्या शिरोलीत दुसरा दाखवा, मी तुमच्या बाकावर काम करते." ते हसायचे. "आमचं भागतंय की. पोरीचं लगीन झालं, ती कागलात सुखी हाय. नगा वाढवू." आबा त्यांचं ऐकायचे आणि पगाराऐवजी कधी सायकल, कधी भिंतीचं काम, कधी मुलीच्या फीचं बघायचे. आबांना कारण माहीत होतं की त्यांनी नुसताच मान राखला, हे मला आता कळायचा काही मार्ग नाही. मला मात्र वाटायचं, हा त्यांचा साधेपणा. आबांच्या मिठाला जागणं वगैरे. असं काहीबाही मोठं मोठं मला वाटायचं.

दोन वर्षं मी गप्प बसले. पण मधल्या काळात नवी मुलं आली, संगणकावरच्या पोराला पहिल्याच वर्षी जवळपास मामांइतका पगार द्यावा लागला, आणि मला ते खुपायला लागलं. माझा स्वभाव आबांच्या उलट. डोक्यात आलं की तोंडात आलंच. तिसऱ्या वर्षीही मामा दारात आले, तेच वाक्य म्हणाले, मी "बघू, बघू" केलं. आणि खंडेनवमीला सगळ्यांसमोर उभं राहून मी मामांना कारखान्याचे फोरमन केलं आणि पगार वाढवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. मी मामांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मला वाटलं, माझ्या हातून आयुष्यात एखादी तरी गोष्ट नीट झाली. मामांचा चेहरा मी पाहिला होता. पण मला त्या चेहऱ्यावर भरून आलेलं दिसलं, कारण मला तेच बघायचं होतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताईंनी मान दिला." सगळ्यांदेखत मालकाने दिलेला मान नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तसं केलं तर तो मालकाचा अपमान. हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत असायला हवं होतं.

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी सकाळी मामा ऑफिसच्या दारात आले. मी फोनवर होते. फोन ठेवून मी बोट दाखवत म्हटलं, "मामा, आता पगाराचा विषय काढायचा न्हाय हं." ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "न्हाय वो. चहा झाला का इचाराय आलतो." आणि परत गेले.

वाढलेल्या पगारामुळे ते त्या मर्यादेच्या जेमतेम वर गेले होते. फार नाही, जेमतेम. पगाराच्या तक्त्यावर कपातीचा रकाना असतो, त्या तक्त्यावर दर महिन्याला माझी सही असते. मर्यादा काय, कोण आत, कोण बाहेर, हे मालकिणीला माहीत नसेल असं मामांच्या मनातही आलं नसणार. त्यांना वाटलं असणार, ताईंना सगळं माहीत आहे, तरीही ताईंनी असं ठरवलंय, तर काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल. मी काही विचार केला नव्हता. मी रकाना कधी वाचलाच नव्हता. आमचे एक सल्लागार आहेत, कामगार कायद्याचे कागद तेच बघतात, मी खुणेच्या जागी सही करते. बाहेर गेल्यावरही काही महिने कार्ड चालतं, तसं ते चाललं. मग उन्हाळ्यात एका मंगळवारी मामा दवाखान्याला गेलेच नाहीत. बाकावर होते. मी विचारलं, तर म्हणाले, "कार्ड बंद पडलं ताई." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता, चौकशीचाही नव्हता.

मी सल्लागारांना फोनवर वाट्टेल ते बोलले. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही केलीय. मी तेव्हा फोन केला होता, तुम्ही म्हणालात, मामांचं फायनल आहे, बदलायचं नाही." हो, म्हणाले होते. मग मी पगार पुन्हा कमी करता येईल का विचारलं. ते म्हणाले, कागदावर कमी दाखवून वरून रोख देणं म्हणजे खोटेपणा, आणि खरोखर कमी केला तरी पुढचं सगळं चक्र लगेच सुरू होत नाही. मी मामांना विचारलं, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. "खोटं नगं ताई. आबांनी कधी केलं न्हाय." मग मी खटपट करून कारखान्याची खासगी ग्रुप पॉलिसी काढली. बारा माणसांसाठी कुणी धड बोलायला तयार नव्हतं, शेवटी एका ठिकाणी जमलं. त्यात दवाखान्यात भरती झालं तर खर्च मिळतो, तोही जुन्या आजाराला काही काळ थांबून. रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. सरकारच्या दुसऱ्या योजना आहेत, त्यांतूनही ऑपरेशन होतं, रोजची गोळी हातात पडत नाही. पण मला त्या चकचकीत कार्डाचं फार समाधान वाटलं. मी ते मामांच्या खिशात स्वतः घातलं आणि विचारलं, "गोळ्या चालू हायत न्हवं?" मामा म्हणाले, "चालू हायत की."

हे मी त्यांना महिन्यातून एकदा तरी विचारायचे. दर वेळी तेच उत्तर. त्यांना दम लागायला लागला होता. रंधा मारताना मधेच थांबून बाकाला टेकायचे. मी विचारलं तर म्हणायचे, लाकडाचा भुसा छातीत जातोय. मी भुसा ओढणारा पंखा बसवला. बघा, पंखा बसवला... गेल्या खंडेनवमीच्या आधी ते ऑफिसच्या दारात आले नाहीत. मला वाटलं, हट्ट सोडला एकदाचा.

दिवाळीनंतर नवे कामगार कायदे लागू झाल्याच्या बातम्या आल्या. मी त्या वरवर वाचल्या आणि आता आणखी कुठल्या रजिस्टरवर सह्या करायच्या म्हणून वैतागले. एक दिवस सल्लागारांचाच फोन आला. म्हणाले, पगार कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आहे, काही भत्ते आता मोजायचे नाहीत, तसं धरलं तर मामांचा पगार बहुतेक पुन्हा मर्यादेच्या आत येईल. "बहुतेक," ते म्हणाले. "अजून सगळं स्पष्ट झालेलं नाही. बारकावे यायचेत. थोडं थांबू." मी फोन ठेवला आणि थेट बाकाकडे पळाले. दहाचा चहा चालू होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मामा, तुमचं कार्ड परत सुरू होतंय." त्या एका वाक्यातून 'बहुतेक' मी गाळून टाकलं. मामांच्या हातातला कप तसाच राहिला. मग ते हसले, वर्षभरात असे हसले नव्हते. "म्हंजी मंगळवार परत सुरू?" "सुरू म्हणजे काय, महिनाअखेरपर्यंत सुरू," मी म्हटलं. महिनाअखेर हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं.

महिनाअखेर आली, गेली. सल्लागार म्हणाले, थांबा. मी रोज फोन करायचे. कधी म्हणत, माहिती भरली आहे. कधी म्हणत, पडताळणीत आहे. कधी म्हणत, मॅडम, चुकीचं नाव घातलं तर नंतर त्रास मामांनाच होईल, पक्कं कळू दे. त्यांचं चुकत नव्हतं. कुणाचंच कुठे चुकत नव्हतं, हाच तर सगळा ताप होता. भांडायला समोर कुणी नव्हतं. मी मोठ्या आवाजाची बाई, माझ्या आवाजाने फौंड्रीवाले बिलं काढतात असं म्हणतात, पण इथे ओरडायचं कुणावर? मामांनी एकदाही विचारलं नाही, ताई, कार्डाचं काय झालं. मीच आपणहून सांगायचे, "पुढच्या आठवड्यात, मामा." ते मान हलवायचे. "यील की. घाई काय हाय?"

मग तो रविवार आला.

मामा गेल्यावरच्या जलदान विधीला मी उचगावात गेले. अंगणात मांडव होता, कागलहून मुलगी आणि जावई आले होते, भन्तेजींचं म्हणणं संपलं, लोक जेवून पांगले. मामींनी मला आत बोलावलं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मामांची पितळी पट्टी खिळ्याला अडकवलेली. ती त्यांनी घरी कधी आणि का आणली होती, कुणास ठाऊक. मामींनी कपाटातून सागवानाची डबी काढून माझ्या हातात दिली. "ही तुमच्या कारखान्याच्या लाकडाची हाय. तितंच ऱ्हाऊ दे." मी झाकण सरकवलं. खालच्या ओळीत मामींच्या गोळ्या होत्या, अख्ख्या, रोजच्या रोज मांडलेल्या. वरच्या ओळीत, रविवारपासून पुढच्या प्रत्येक खान्यात, एकेक पांढरा तुकडा. मला आधी कळेना. मी एक तुकडा बोटावर घेतला. पाव गोळी होती.

"ह्ये काय, मामी?"

मामी खाली बसल्या. म्हणाल्या, "कार्ड बंद झाल्यापास्नं अर्धी अर्धी घेत हुते. पटाशीनं कापायचे. माझ्या औषधाला हात लावू दिला न्हाय, सुईचं सगळं आणायचे येळच्या येळी. मी भांडले, तर म्हणायचे, अर्ध्यात बी काम भागतंय."

"मला का न्हाय सांगितलं? मी विचारत होते की दर महिन्याला."

"तुमी इचारायचा, चालू हायत का. चालू हुत्याच की. म्हणायचे, पोरीनं सगळ्यांपुढं माळ घातली. आता तिला कसं सांगू, की तुझ्यामुळं..."

मी ते तुकडे बघत होते. "पण हे अर्धे न्हाईत, मामी. हे पाव हायत."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमी सांगितलं न्हवं, महिनाअखेरीला कार्ड सुरू हुतंय म्हणून. लई खूश हुते त्या दिशी. म्हणाले, आता नवं पाकीट इकत कशाला घ्यायचं. मंगळवारी दवाखान्यातनं मिळतीलच की, तवर हाय त्यात भागवतो. तवापास्नं पाव केली."

त्यानंतर मी तिथे किती वेळ बसले ते आठवत नाही. मुलीने पाणी आणून दिलं, मी ते प्यायले. घरी आल्यावर मला मामांचा भयंकर राग आला. एवढा मोठा कारागीर, लोखंड किती आकसणार ते डोळ्यांनी सांगणारा माणूस, आणि गोळी अर्धी केली तर माणसाचं काय होतं हे कळू नये? एकदा तरी बाकावर हात आपटून म्हणायचं होतं, ताई, पट्टी तुम्ही चुकीच्या कामाला वापरली. सातवीतल्या पोरीला तोंडावर म्हणालात, मग मालकिणीला का नाही? पण राग टिकत नाही. तो उतरला की खाली माझंच तोंड दिसतं. अख्ख्या गोळ्यांनीसुद्धा ते वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' घेऊन मी कुठे जाऊ? कुठल्या काउंटरवर सरकवू?

मामींचं इन्सुलिन आता मी आणते. दर महिन्याला उचगावात नेऊन देते. मामी नको म्हणत नाहीत, आणि हवंही म्हणत नाहीत. बाटली घेतात, फ्रिजमध्ये ठेवतात, चहा टाकतात. आम्ही दोघी चहा पितो आणि मामांचं नाव घेत नाही.

गेल्या आठवड्यात सल्लागारांचा मेसेज आला. आता स्पष्ट झालं आहे, आमच्या कारखान्यातली तीन माणसं नव्या व्याख्येप्रमाणे पुन्हा कामगार विम्यात बसतात. खाली तीन नावं होती. त्यांची यादी जुनी असावी, कारण पहिलं नाव दिनकर कांबळे यांचं होतं. दुसऱ्या दिवशी सल्लागारांच्याच ते लक्षात आलं आणि त्यांनी माफी मागितली. उरलेल्या दोघांना मी एकेकट्याला ऑफिसात बोलावलं, दार लावलं, रकाना दाखवला, आणि म्हटलं, वाचा, नीट वाचा, आणि काही नको असेल तर आत्ता माझ्या तोंडावर सांगा. ते बावरून माझ्याकडे बघत होते.

डबी माझ्या टेबलावर आहे. मामांच्या बाकावर सध्या कुणी काम करत नाही. दहाचा चहा झाला, पोरं आपापल्या यंत्रांवर गेली की मी झाकण सरकवते आणि वरच्या ओळीतले चार तुकडे काढून कागदावर ठेवते. बोटाने हळूहळू जवळ आणते. मामांचा हात असा की कुठे कणही सांडलेला नाही, कुठे कड तुटलेली नाही. चारही तुकडे एकमेकांना टेकले की पुन्हा अख्खी गोळी होते, मधल्या रेघा दिसतही नाहीत. मी ती थोडा वेळ बघते. मग एकेक तुकडा उचलून ज्याच्या त्याच्या खान्यात परत ठेवते.